संकासुराने चोरलेला कागद

मी संकासुर करायचो.
काळा झगा, काळी टोपी, लोंबती लाल जीभ,
आणि बोलायचं अडखळत, म्हणजे पोरं हसतात.
वेद चोरायचे, विष्णूचा मार खायचा,
साठ रुपये आणि पहाटेचा चहा.

गुणाजी मोचेमाडकरने त्या साली माझ्याकडचे वेद काढून घेतले.
घडी घातलेला एक कागद दिला.
औंदा ह्यो चोर, म्हणाला.
दशावतारात लिहिलेलं कुणी बोलत नाही,
पण हा माणूस वेंगुर्ल्यात टपाल वाटायचा
आणि मनीऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मांमागे नाटकं लिहायचा.

विष्णू विचारी: काय चोरलंस रे मेल्या?
– रगात.
– कोणाचा?
– माका वाचूक येणा नाय. तुझा आसात. नायतर माझा.
ह्येका झाला हा ए… ए… ए…
इथे अडकून राहायचं, गुणाजीने बजावलं होतं.
सोडवू नकोस. त्यांना सोडवू दे.

खाज्याच्या दुकानाकडून कुणीतरी ओरडलं, एड्स!
मग दुसरा. मग बायकांच्या बाजूनेही.
गावात ज्याला 'मुंबयचो ताप' म्हणत
त्याचं नाव देवळासमोर, मध्यरात्री, मोठ्याने.
– हात लावल्यान कोण मरणा नाय, मी म्हणायचो
आणि जाऊन सरस्वतीचा हात धरायचो.

सरस्वती लवू करायचा.
त्या हिवाळ्यात पातळ त्याच्या अंगावर ठरेना,
आम्ही मागून टाचण्या वाढवत गेलो.
हात तापलेला असे.
कागद खरा आहे, त्याचाच आहे,
हे मला तुळसच्या प्रयोगाला कळलं.

आरोग्य केंद्रातली पाकिटं गुणाजी खाज्याच्या पुड्यांत सारायचा.
एका आजोबांनी त्यातलं एक नातवाला फुगवून दिलं.
पोर रात्रभर ते जत्रेत नाचवत होतं.
बघ, गुणाजी हसून लोळत म्हणाला, फुटणा नाय.

मानकऱ्यांची बैठक बसली.
रोगाबद्दल कोणी बोललं नाही.
तुम्ही दोघे एका खोलीत का राहता, एवढंच विचारलं.
गुणाजी म्हणाला, भाडं परवडत नाही म्हणून नाही.

मग देवळं बंद.
पुढचा प्रयोग बर्फाच्या कारखान्यामागे, वाळूत,
समोर खलाशी, मासे निवडणाऱ्या बाया, कुत्री.
गुणाजी स्वतः उभा राहिला, खाकी गणवेशात.
मी विचारलं: पोस्टमन, ह्यो लवू तुझो कोण?
– लवू माझो…
माझो…
कोणी शब्द पुरवला नाही.
एकाने विडी विझवली. ओहोटीत होड्या कलत होत्या.
पायपेटीवाल्याने सूर धरून ठेवला, भाता संपेपर्यंत.

नंतर, तोंडाचा रंग पुसताना, गुणाजी मला म्हणाला:
तिथे अडखळणं लिहिलेलं नव्हतं.

लवू शिमग्याआधी गेला.
न्हाऊ घातलं गुणाजीने, एकट्याने, हातमोजे न घालता,
भुवईतला रंग तेवढा राहू दिला.
खांद्याला आम्ही तिघे.
चौथा बर्फाच्या कारखान्यातला इब्राहिम.

पुष्कळ वर्षांनी बातम्यांत सांगितलं, कलम गेलं.
इथे कलम म्हणजे हापूसचं.
शेजारची सुलग्ना कुंपणापलीकडून म्हणाली,
कोणाचा गेला? वाऱ्यान?
गुणाजीला जोराचं हसू फुटलं,
त्या फुग्याच्या वेळचं.
झगा आण, म्हणाला.

खिशात कागद होता, धुऊन धुऊन चिंधी झालेला.
अक्षर एकही नाही. घड्या होत्या.
विचार, म्हणाला.
इतक्या वर्षांनी मी आवाज चढवला:
पोस्टमन, ह्यो लवू तुझो कोण?
– लवू माझो…
त्याची हनुवटी थरथरायला लागली.
मी गप्प. मला सोडवू नकोस असं सांगितलेलं होतं.

घोव म्हण मरे, सुलग्ना म्हणाली,
अडाकतस कित्याक?
आणि तारल्यांची खवली काढत राहिली.